बँकॉकमध्ये दोघांनी कमी खर्चात राहायचे असेल तर मुक्काम कोठे करावा?

पाठीवर सॅक घेऊन नवरा-बायको आठवडाभर बँकॉकला राहणार आहात, तर खाओ सान रोड या सॅकवाल्या पर्यटकांच्या रस्त्यावरची स्वस्त डॉर्मिटरी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की दोघांनी डॉर्मिटरीचा विचार सोडावा आणि भाडे पाहण्याआधी नकाशावर मेट्रोचे स्थानक आणि नदीवरचा धक्का शोधावा.

डॉर्मिटरीत भाडे खाटेमागे असते, त्यामुळे ती एकट्याला परवडते. दोन खाटांचे पैसे एकत्र केले की जुन्या शहरातल्या साध्या गेस्टहाउसमध्ये बहुधा तेवढ्यातच दोघांची स्वतंत्र खोली मिळते, विशेषतः पंख्याची आणि सामाईक न्हाणीघराची चालत असेल तर. मार्च ते मे या काळात मात्र पंख्यावर भागवू नये. त्या दमट उकाड्यात रात्री झोप लागत नाही आणि दुसरा दिवस फुकट जातो.

खाओ सानपासून ग्रँड पॅलेस हा राजवाडा चालत गाठता येतो, हे खरे. परंतु तिथे मेट्रो नाही, रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात संगीत चालते आणि संध्याकाळी टॅक्सी वाहतुकीत अडकून पडते. तिथेच राहायचे असेल, तर प्रा आतित धक्क्याच्या बाजूची शांत गल्ली निवडावी. आम्ही चायनाटाउनमध्ये याओवरात या तिथल्या मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत राहिलो आणि मला तोच भाग अधिक सोयीचा वाटतो. २०१९ मध्ये मेट्रोची निळी मार्गिका वाढवली गेली, तेव्हापासून वात मांगकोन, साम योत आणि सनाम चाय ही स्थानके या जुन्या वस्तीत आली आहेत. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेने मक्कासानला उतरून, जवळच्या फेचबुरी स्थानकावर निळी मेट्रो धरली की टॅक्सीशिवाय मुक्कामी पोहोचता येते. चाओ प्रया नदीवर नारिंगी झेंड्याची बोट घ्यावी. ती तिथल्या लोकांची रोजची बोट आहे आणि पर्यटकांसाठीच्या निळ्या झेंड्याच्या बोटीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

जेवणाबाबत तुम्ही शाकाहारी आहात की नाही, हे लिहिलेले नाही. मासे-मांस चालत असेल, तर रस्त्यावरच्या गाड्यांवर दोघांचे पोट थोडक्यात भरते. शाकाहारी असाल तर नुसते ‘भाजी’ म्हणून भागत नाही, कारण भाज्यांतही बहुधा फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतोच. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ (थाई लिपीत เจ) लिहिलेली दुकाने शोधावीत. तिथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींनाही तिथे निर्धास्तपणे जेवता येते. चायनाटाउनला लागूनच फाहुरात हा भारतीय कापडबाजार आहे. तिथल्या मोठ्या गुरुद्वारात लंगर असतो आणि आजूबाजूला रोटी-भाजी, चहा मिळतो. ‘जे’ची पाटी आणि फाहुरात, दोन्ही पायी अंतरावर असणे हे चायनाटाउनमध्ये राहण्याचे आणखी एक कारण आहे.

खर्चाचा खरा बोजा प्रवेशशुल्काचा असतो. राजवाड्याला माणशी ५००, वात फो या मंदिराला ३०० आणि नदीपलीकडच्या वात अरुण मंदिराला २०० बाट (थाई चलन), म्हणजे दोघांचे मिळून २००० बाट होतात. तिन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, पण ती एकाच दिवसात उरकू नयेत. वात फोहून वात अरुणला जाण्यासाठी था तियेन धक्क्यावरून नदी ओलांडणारी छोटी बोट अगदी थोड्या पैशांत मिळते. राजवाड्याबाहेर कोणी ‘आज बंद आहे, टुकटुकने दुसरे मंदिर दाखवतो’ म्हणाले, तर न थांबता प्रवेशद्वारापर्यंत चालत जावे. ही फसवणूक जुनी आणि सर्वश्रुत आहे, तरी नवे लोक तिला अजून बळी पडतात. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे दोघांनाही लागतात.

परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना तिथल्या बँका दर वेळी दोनशे बाटांहून अधिक शुल्क घेतात; म्हणून दोघांनी वेगवेगळे न काढता एकाच्या कार्डावर एकदाच मोठी रक्कम काढावी. १ मे २०२५ पासून लागू झालेले डिजिटल आगमनपत्र प्रत्येकाच्या नावे, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. ते सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, त्यामुळे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर ते भरू नये. खोलीचे आरक्षण मात्र पहिल्या दोन रात्रींपुरतेच करावे. पुढची खोली गल्ली, खिडकी आणि न्हाणीघर प्रत्यक्ष पाहून ठरवावी, कारण उरलेल्या रात्रींचे भाडे एकदम देणाऱ्याला तिथे काही ठिकाणी थोडी सवलत मिळू शकते.