लोफर टाचेत निसटतो आणि पुढे चावतो, मग साईज मोठा घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की चांगल्या कंपनीचे, आतून-बाहेरून चामड्याचे ड्रेस लोफर घेऊन तीन आठवडे झाले. चालताना टाच वर येते आणि संध्याकाळपर्यंत करंगळी लाल होते. दुकानदार म्हणतो वापरून सैल होतील, मित्र म्हणतो अर्धा साईज मोठा घ्यायला हवा होता. आणि शेवटी विचारलंय, एवढे पैसे मोजूनही बूट चावत असेल तर त्यात ‘प्रीमियम’ ते काय?

आधी महत्त्वाचं सांगतो: अर्धा साईज मोठा घेऊ नका. तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. पाऊल जागेवर धरलं जात नाही म्हणून टाच निसटते, आणि त्याच कारणाने करंगळी दुखते.

लेसच्या बुटात पाऊल मागे, टाचेच्या खोबणीत दाबून ठेवायचं काम लेस करते. लोफरला लेस नाही. तिथे ते सगळं काम बुटाच्या वरच्या तोंडाकडे येतं, म्हणजे पावलाच्या वरच्या उंचवट्यावर, एरवी जिथे लेसची गाठ येते तिथे, जी चामड्याची कड टेकते तिच्याकडे. ती कड नीट दाबून बसली नाही तर प्रत्येक पावलागणिक पाय थोडा पुढे सरकतो. पुढे बूट निमुळता होत जातो, त्यामुळे करंगळी आणि अंगठा कडेला घासतात. मागे तेवढीच फट पडते आणि टाच वर येते. आपल्याला जाणवतं फक्त पुढचं दुखणं, म्हणून वाटतं बूट घट्ट आहे. मग माणूस मोठा साईज घेतो, उंचवट्यावरची पकड आणखी ढिली होते, पाय आणखी पुढे जातो आणि पुन्हा करंगळीच दुखते. फक्त आता टाचेला फोडही येतो.

हे सगळं मी स्वतः भोगलंय. पहिले महागडे लोफर घेताना पुढे जरा आवळले, विक्रेत्याने लगेच अर्धा साईज वरचा जोड काढून दिला, दुकानात गालिच्यावर चार पावलं चाललो तेव्हा छान वाटलं. दोन महिन्यांत डाव्या टाचेकडचं अस्तर घासून खरखरीत झालं. मी टाचेत पॅड लावले, मग अजून जाड पॅड लावले, आणि पाय आणखी पुढे ढकलला गेला. शेवटी दुरुस्तीसाठी नेले तेव्हा त्या कारागिराने टाचेकडे बघितलंच नाही. मला बूट घालून उभं राहायला सांगितलं, जिभेच्या, म्हणजे पावलाच्या उंचवट्यावर टेकणाऱ्या त्या वरच्या भागाच्या, कडेखाली आपलं बोट सरकवलं, ते अख्खं आत गेलं. म्हणाला, ‘हा बूट तुमच्या पायात आहे, पण पायाला धरून नाही.’ त्याने जिभेच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढ्या जाडीचाही नाही असा नमद्याचा एक तुकडा चिकटवला आणि टाचेतले सगळे पॅड काढून टाकले. त्याच दिवशी फरक कळला. पाय मागे गेला आणि बोटांपुढे जागा झाली.

तुम्हीही आज संध्याकाळी हे तपासा. संध्याकाळी अशासाठी की दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, आणि सकाळी ठीक बसणारा बूट तेव्हा खरा रंग दाखवतो. नेहमीचे मोजे घाला, बसून टाच जमिनीवर हलकेच आपटून पाय पूर्ण मागे न्या, मग दोन्ही पायांवर वजन देऊन उभे राहा. आता करंगळी दुखते का? पाय मागे असताना दुखत नसेल आणि दहा मिनिटं चालल्यावर दुखू लागली, तर पाय पुढे सरकतोय हे नक्की. शिवाय बुटाच्या आतला तळ टॉर्च लावून बघा. तीन आठवड्यांत चामड्याच्या आतल्या तळावर बोटांचे आणि टाचेचे पुसट ठसे उमटलेले असतात. टाचेचा ठसा मागच्या भिंतीपासून सुटलेला आणि बोटांचे ठसे अगदी टोकाशी गेलेले दिसले, तर दुसरा पुरावा लागत नाही.

दोन्ही पाय तपासा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, आणि पॅड कधीकधी एकाच बुटाला लागतो.

आता दुकानदाराच्या म्हणण्याबद्दल. ते अर्धं खरं आहे. चामडं रुंदीत सैल होतं, लांबीत होत नाही. नवीन असताना चवड्याला दोन्ही बाजूंनी घट्ट मिठी मारणारा बूट महिन्याभरात आरामशीर होतो, पण अंगठ्याचं टोक पुढे टेकत असेल तर ते आयुष्यभर टेकतच राहणार. आणि जे चामडं रुंदीत सैल होतं ते उंचवट्यावरही सैल होतं! म्हणजे आज जिथे पकड ढिली आहे, तिथे वापरून ती अजून ढिली होईल. म्हणून लोफर घेताना वरच्या उंचवट्यावर तो थोडा जास्तच घट्ट वाटायला हवा. दुकानात पाय घातल्याबरोबर चप्पल घातल्यासारखं मोकळं वाटलं, तर तो लोफर दोन महिन्यांनी मोठा होणार, हे मी आता डोळे मिटून सांगू शकतो.

टाच थोडीशी वर येणं मात्र नवीन बुटात चालतं. कोरा चामड्याचा तळ ताठ असतो, पाय वाकतो पण तळ वाकत नाही, म्हणून टाच क्षणभर सुटते. दहा-पंधरा वेळा घातल्यावर तळ चवड्यापाशी वाकायला शिकतो आणि हे कमी होतं. जिना चढताना टाच बुटातून निम्मी बाहेर येत असेल तर ते ताठपणाचं लक्षण नाही.

अर्धा साईज म्हणजे नेमकं किती, हेही लक्षात घ्या. ब्रिटिश मोजमापात एक साईज म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण ८.५ मिलिमीटर, आणि अर्धा म्हणजे चारच्या आसपास. युरोपीय आकड्यांत एक साईज ६.६७ मिलिमीटरचा. म्हणजे ‘बेचाळीस म्हणजे आठ’ हे कोष्टक कधीच तंतोतंत जुळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साचा, ज्यावर बूट ओढून बेततात तो लास्ट. एकाच कंपनीच्या दोन लोफरांचे साचे वेगळे असले तर एकाच साईजचे ते दोन जोड तुमच्या पायाला दोन वेगळे बूट वाटतील. माझा लेसच्या बुटाचा साईज आणि लोफरचा साईज एक नाही. लोफर मी अर्ध्याने लहान घेतो, आणि असं करणारे खूप आहेत. हा नियम नाही, पण तिथून सुरुवात करून बघावी.

लोफरचा प्रकारही पायानुसार निवडावा लागतो, आणि याकडे जवळजवळ कुणी लक्ष देत नाही. लोफर मुळात ऐटीचा बूट नव्हताच. नॉर्वेतल्या आउरलांडच्या सहज पायात सरकवायच्या बुटांवरून अमेरिकेतल्या बास कंपनीने १९३६ मध्ये ‘वीजन्स’ नावाचे लोफर काढले, त्यांच्या पावलावरून आडव्या जाणाऱ्या पट्टीतली खाच पेनी लोफरची खूण झाली. गुच्चीने १९५३ मध्ये घोड्याच्या लगामासारखी धातूची कडी लावून त्याला सुटाखाली जागा मिळवून दिली. पेनी लोफरची ती खाच म्हणजे फिटिंगची पट्टीच आहे: बूट घातल्यावर ती ओठ उघडल्यासारखी फाकत असेल तर तुमच्या पावलाचा उंचवटा त्या साच्यासाठी जास्त आहे. अशा पायाला कडीचा किंवा गोंड्यांचा लोफर बरा दिसतो आणि बसतोही बरा. याउलट ज्यांचं पाऊल वरून सपाट आहे, टाच अरुंद आहे, त्यांनी पावलावर खूप वरपर्यंत येणारा लोफर घ्यावा. बोटांच्या मुळाशीच संपणारा आखूड तोंडाचा लोफर दिसतो देखणा, पण सपाट पायावर त्याला धरायला काही उरत नाही. तुमची तक्रार वाचून मला शंका येते ती हीच.

आता ‘प्रीमियम’ काय ते. जास्त पैशांत फिटिंग मिळत नाही, वस्तू मिळते. घेण्याआधी मी चवड्यापाशी बाहेरून अंगठ्याने चामडं हलकं दाबतो. चांगल्या वासराच्या कातड्यावर बारीक, केसासारख्या सुरकुत्या उमटतात आणि बोट काढताच मिटतात. वरचा पापुद्रा घासून त्यावर रंगाचा जाड थर चढवलेल्या चामड्यावर मोठी, जाड घडी पडते, आणि काही महिन्यांनी नेमकी तिथेच भेग जाते. दुकानात असा बूट जास्त चकचकीत दिसतो, त्यामुळे फसायला होतं. नुसतं ‘अस्सल लेदर’ लिहिलेलं असणं म्हणजे ते वरच्या प्रतीचं चामडं आहे असं होत नाही. मग बुटाच्या आत हात घालून अस्तर बघतो. चामड्याचं अस्तर घाम शोषतं, कृत्रिम अस्तरात पाय भिजून सरकतो, आणि सरकणं हाच तर लोफरचा शत्रू. टाचेची मागची भिंत दोन बोटांनी दाबून बघतो, ती ताठ पाहिजे.

तळाच्या शिलाईवरून लोक फार वाद घालतात. गुडइयर वेल्ट या शिलाईत बुटाचं वरचं चामडं आणि तळ यांच्यामध्ये चामड्याची पट्टी असते, आत कॉर्कचा थर, जो हळूहळू तुमच्या पावलाचा आकार घेतो. तळ बदलणं सोपं, पण बूट सुरुवातीला ताठ. ब्लेक शिलाईत आतल्या तळातून थेट बाहेरच्या तळापर्यंत टाका जातो, बूट पातळ, हलका आणि लगेच वाकणारा, मात्र ओल लवकर आत येते. रोज कोरड्या रस्त्यावर आणि ऑफिसात घालायच्या ड्रेस लोफरला मी ब्लेकच पसंत करतो, कारण लेस नसलेल्या बुटात तळ लवकर वाकला तर टाच लवकर शांत होते. नुसता चिकटवलेला तळ आरामदायक असू शकतो, पण झिजल्यावर तो नीट बदलून मिळणं कठीण, म्हणून त्याला मी मोठी रक्कम देणार नाही.

निगा थोडीच लागते. शू हॉर्नशिवाय, म्हणजे टाच आत सरकवायच्या पट्टीशिवाय, लोफर घालू नका, टाचेची भिंत एकदा मोडली की पकड गेली. एक दिवसाआड घाला, आणि काढल्यावर आत लाकडी शू ट्री, म्हणजे बुटाचा आकार टिकवणारा पायाच्या आकाराचा ठोकळा, ठेवा.

तुमच्या जोडाचं काय करायचं? तीन आठवडे बाहेर वापरलाय, त्यामुळे बदलून मिळणार नाही असं धरून चालू. आधी जिभेखाली पातळ पॅड लावून घ्या, टाचेत काहीही लावू नका. आठवडाभर घाला. पाय मागे बसल्यावरही करंगळी दुखत राहिली, तर चांगल्या कारागिराकडून फक्त त्या जागी बूट ताणून घ्या, अख्खा बूट ताणायला देऊ नका. आणि अंगठ्याचं टोक टेकत असेल तर काही करू नका, तो बूट आखूड आहे, तुमच्यापेक्षा लहान पायाच्या कुणालातरी द्या. मधुमेह असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर आठवडाभर वाट बघणंही नको, चावणारा बूट आजच बाजूला ठेवा.

आतल्या तळावरचे ठसे कुठे आलेत आणि लोफर पेनी आहे की कडीचा, एवढं खाली लिहिलंत तर पॅड किती जाड लागेल तेही सांगता येईल.