चॉकलेटच्या गोळ्यांवरची चकाकी

प्रश्न : चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांच्या वेष्टनावर ‘आयएनएस ९०४’ असे छापलेले असते. हा पदार्थ नेमका कशापासून मिळतो?

उत्तर : आयएनएस ही खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या पूरक पदार्थांना क्रमांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यातला हा क्रमांक शेलॅकचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांतील रस शोषणारे लाखेचे किडे आपल्या अंगाभोवती राळेसारखा स्राव सोडतात आणि फांदीवर त्याचा खडबडीत, तांबूस थर साचतो. हा थर खरवडून, कुटून, पाण्यात वारंवार धुतला की तांबडा रंग व किड्यांचे बरेचसे अवशेष निघून जातात. मग ती लाख वितळवून कापडातून गाळतात व तिचे पातळ, पिवळसर पत्रे ओढतात. तोच चपडा, म्हणजेच शेलॅक. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून गोळ्यांवर त्याचा अतिशय पातळ लेप दिला जातो, त्यामुळे चकाकी येते आणि ओलावा आत शिरत नाही. सफरचंदांवर आणि औषधी गोळ्यांवरही तो वापरतात. लाखेच्या उत्पादनात भारतात झारखंड आघाडीवर आहे. हा स्राव असला, तरी लाख काढताना असंख्य किडे मरतात. त्यामुळे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी हा क्रमांक पाहूनच खरेदी करावी, असे आमचे मत आहे.