हेलकॅटवाल्याला हरवायचंय, सुपरचार्जर टाकू का? (आणि बाकीचे प्रश्न)

यावेळी प्रश्न बरेच आलेत. निम्मे "पॉवर कशी वाढवू" आणि उरलेले "अमक्याची गाडी माझ्यापुढे कशी जाते", म्हणजे तसे एकच. निवडक घेतोय.

नोव्हाय, मिशिगन: 2018 ची मस्टँग जीटी आहे, मॅन्युअल. ऑफिसात एकजण डॉजची चॅलेंजर हेलकॅट आणतो आणि रोज पार्किंगमधे टोमणे मारतो. सुपरचार्जर टाकला तर त्याला गाठता येईल का?

येईल की. तुमची 460 हॉर्सपॉवर, त्याची 707, पण त्याचं धूड तुमच्या गाडीपेक्षा 300 किलोच्या आसपास जड आहे, त्यामुळे सुपरचार्जरचं (इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारा पंप) चांगलं किट आणि 93 ऑक्टेनच्या पेट्रोलवर व्यवस्थित ट्यून असेल तर तुम्ही बरोबरीला याल, कदाचित पुढेही. पण खर्च नुसत्या किटचा नसतो हो. कायोटी इंजिनात (म्हणजे तुमचं 5.0 व्ही8) ऑइल पंपाचे गिअर धातूची पावडर दाबून केलेले असतात, बूस्ट लावून गाडी सारखी रेव्ह लिमिटरवर (इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) आपटली की ते तडकतात, ऑइल प्रेशर शून्य, आणि मग काही सेकंदात इंजिनाचं भंगार. म्हणून बिलेट (अखंड स्टीलमधून कोरलेले) गिअर त्याच वेळी टाकून घ्या, कारण नंतर टाकायचे म्हटलं तर इंजिनाची पुढची बाजू परत खोलावी लागते आणि मजुरी दुप्पट. वर इंजेक्टर, फ्युएल पंप, आणि मॅन्युअल असल्यामुळे क्लच, कंपनीचा क्लच एवढा टॉर्क धरत नाही. सगळं धरून दहा हजार डॉलर कधी ओलांडले कळणारही नाही.

त्याआधी टायर बघा. परफॉर्मन्स पॅकेजवाली असेल तर तिच्यावर समर टायर असतात, ते मिशिगनच्या ऑक्टोबरातच दगड होतात, आणि गाड्यांच्या मेळाव्यातून बाहेर पडताना ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून शायनिंग मारणारी मस्टँग फुटपाथवर चढते यावर कॅमॅरोवाले आणि मोपारवाले (डॉज-क्रायस्लरची मंडळी) वर्षानुवर्षं हसतायत, त्यांना नवीन व्हिडिओ देऊ नका. आधी चांगले ड्रॅग टायर घ्या, ड्रॅग स्ट्रिपवर (शर्यतीचा सरळ ट्रॅक) जाऊन टाइम स्लिप (वेळेची छापील चिठ्ठी) काढा, मग त्याच्याशी बोला. हेलकॅटवाले पुष्कळ जण स्ट्रिपवर कधी जातच नाहीत, लाँच करताना जागेवरच धूर काढत बसतात. आणि तो "आय-96 वर बघू", म्हणजे हायवेवर शर्यत लावू, म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं.

एडिसन, न्यू जर्सी: 1966 ची मस्टँग बघतोय, व्ही8, लाल, फोटोत एकदम चकाचक. बघायला जाताना काय तपासू?

चकाचक आहे म्हणूनच घाबरा. जाताना पाण्याचा तांब्या आणि लोहचुंबक न्या, मी चेष्टा करत नाहीये. काचेच्या पुढे, बॉनेटच्या मागे ज्या जाळ्या आहेत त्यातून हळूहळू पाणी ओता आणि कोणालातरी आत डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बसवा. कार्पेटवर पाणी टपकलं तर आतला काउल (काचेखालची पत्र्याची बंद पेटी) सडलाय. बाहेरून काहीच दिसत नाही आणि दुरुस्तीला पुढचा सगळा पत्रा काढून वेल्डिंगचे टाके तोडावे लागतात, त्यामुळे विकणारा याबद्दल कधी बोलत नाही. तेच पाणी पुढे फ्लोअरमधे उतरतं, म्हणून खाली आडवं होऊन टॉर्क बॉक्स आणि फ्रेम रेल (गाडीच्या पोटाचा मुख्य सांगाडा) बघा. चुंबक मागच्या चाकाभोवती फिरवा, चिकटला नाही तर तिथे पुट्टी आहे, पत्रा नाही.

आता व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या पाटीवरचा ओळख क्रमांक. पाचवं अक्षर इंजिनाचं: सी, ए किंवा के असेल तर कारखान्यातूनच 289 क्युबिक इंचाचं व्ही8 घेऊन निघालेली, टी असेल तर सहा सिलेंडर. सहावाल्या गाडीत नंतर व्ही8 बसवून विकणारे ढिगाने आहेत. चाकाचे नट मोजा, सहा सिलेंडरला चार, व्ही8 ला पाच. पाटी सी म्हणते आणि चाकाला चार नट, तर नमस्कार करून निघा. बदललेली गाडी वाईट असते असं नाही, फक्त किंमत त्या हिशोबाने द्यायची.

तुमच्यासाठी गंमत म्हणजे व्हीआयएनचं दुसरं अक्षरही टी असू शकतं, तो फोर्डच्या मटचन प्लांटचा कोड, आणि तो प्लांट होता तुमच्याच एडिसनमधे, 2004 ला बंद झाला. तसली मिळाली तर दोनशे डॉलर जास्त द्यायला माझी हरकत नाही, पण विकणाऱ्याला कळू देऊ नका.

घेतल्यावर पहिला खर्च ब्रेक. 66 च्या गाडीत मास्टर सिलेंडर एकाच सर्किटचा आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. ड्युअल मास्टर सिलेंडर आणि पुढे डिस्क, एवढं केल्याशिवाय घरच्यांना बसवू नका. कार्ब्युरेटर, हेडर्स, आवाज, सगळं त्यानंतर.

कँटन, मिशिगन: आमचे हे फोर्डमधे आहेत, घरात कायम फोर्डच. आता मुलगा कॉलेजमधे गेलाय आणि वापरलेली कॅमॅरो एसएस घेतो म्हणतो. जेवायला एकत्र बसणं बंद झालंय. काय करू?

ताई, हे भांडण तुमच्या घरात सुरू झालेलं नाही. मस्टँग एप्रिल 1964 ला आली आणि इतकी खपली की जनरल मोटर्सला (शेव्हरलेची मालक) 67 ची कॅमॅरो काढावी लागली, आणि कॅमॅरो म्हणजे काय असं पत्रकारांनी विचारल्यावर शेव्हरलेवाल्यांनी सांगितलं की मस्टँग खाणारा एक लहानसा हिंस्र प्राणी. तेव्हापासून डेट्रॉईटच्या आसपास हे असंच चालू आहे, काही प्लांटांत तर दुसऱ्या कंपनीची गाडी आणली की लांबच्या पार्किंगला पिटाळतात.

मुलाची निवड वाईट नाही, शेवटच्या पिढीची एसएस (व्ही8वाली) वळणावर फार सुरेख चालते, मी फोर्डवाला असून सांगतो. पण बाहेरचं नीट दिसत नाही, खिडक्या एवढ्याशा, आणि 455 हॉर्सपॉवरवर त्या वयात इन्शुरन्सचा आकडा आला की उत्साह आपोआप निवेल. आधी कोट मागवायला लावा. व्ही6 घेतली तरी 335 आहेत, एकोणीस वर्षांच्या पोराला उरून पुरेल. आणि यांना सांगा, कॅमॅरो 2024 च्या मॉडेलनंतर बंद झाली, मस्टँग चालू आहे, म्हणजे जिंकलेत तेच, आता मोठं मन दाखवा.

मिल्पिटास, कॅलिफोर्निया: 89 ची फॉक्स बॉडी (त्या पिढीचं नाव) मस्टँग आहे, जुनं 302 (क्युबिक इंचाचं व्ही8) दमलंय. मित्र म्हणतो एलएस (शेव्हरलेचं व्ही8) टाक. फोर्डवाले शिव्या घालतील का?

घालतील, मीही त्यात असेन. पण मित्र बरोबर आहे. जुन्या 302 चा ब्लॉक 500 हॉर्सपॉवरच्या आसपास उभा चिरतो. कायोटीला चार कॅम, त्यामुळे सिलेंडर हेड रुंद, के-मेंबर (इंजिन ज्यावर बसतं ती खालची चौकट) बदलल्याशिवाय बसत नाही. शेवीच्या ट्रकमधलं त्याच एलएस जातीचं 5.3 लिटर इंजिन भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतं आणि आटोपशीर आहे. तुमची खरी अडचण वेगळीच आहे, कॅलिफोर्नियात स्मॉगच्या (धुराच्या) तपासणीतून सूट 1975 पर्यंतच्याच गाड्यांना, 89 ला नाही. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नवं हवं, त्याची सगळी एमिशनची सामग्री लावलेली हवी आणि रेफरीकडून (सरकारी तपासनीस) पास करून घ्यावं लागतं. ते जमणार नसेल तर 302 च रिबिल्ड करा.

पुणे: सेकंडहँड 2017 ची मस्टँग मिळतेय, ऑटोमॅटिक. स्ट्रेट पाइप (सायलेन्सरशिवायचा) एक्झॉस्ट लावू का?

नको. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि मामा लोक बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घालतायत तिथे तुमची व्ही8 दोन चौक लांबून ऐकू येईल. कारखान्यातून राइट हँड निघालेली ही मस्टँगची पहिलीच पिढी, 5.0 व्ही8, तिचा स्टॉक आवाजही पुरे आहे. फोर्डने इथलं उत्पादन बंद करायचं 2021 ला ठरवलं, तेव्हा पार्ट कुठून येणार आणि किती दिवसांत हे सर्व्हिसवाल्याकडून घ्यायच्या आधी लेखी घ्या. बघायला जाल तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून पुढच्या बंपरची खालची कड आणि पोटाखालचं प्लॅस्टिक बघा, आपल्या स्पीडब्रेकरांनी ते खरवडलेलं असणारच, फक्त किती ते बघून भाव पाडा.