२५० बार दाबाच्या, सतत कंप असलेल्या हायड्रॉलिक लाईनला कोणतं ट्यूब फिटिंग घ्यावं?

कंप जास्त असेल तर ओ-रिंग फेस सील (ओआरएफएस, आयएसओ ८४३४-३) घ्या. सील सपाट तोंडावर बसतं, त्यामुळे लाईन उघडून पुन्हा जोडली तरी गळती क्वचितच होते. ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) मात्र तेल आणि तापमान पाहून निवडा.

कट-रिंगचं (नट आवळल्यावर ट्यूबमध्ये चावणाऱ्या धातूच्या रिंगचं) फिटिंगही चालेल, पण एस म्हणजे हेवी मालिकेतलं. एल म्हणजे लाइट मालिकेत माप वाढतं तसा सोसता येणारा दाब घटतो; मोठ्या मापांना तो २५० बारच्या खाली जाऊ शकतो. १२ मिमी ट्यूबला १२एलचं नट एम१८×१.५, तर १२एसचं एम२०×१.५, म्हणून ऑर्डर देताना मालिका लिहाच.

बहुतेक गळती फिटिंगमुळे नाही, तर जोडणीमुळे होते. कट-रिंगसाठी ट्यूब सीमलेस (बिनजोडाची), कोल्ड-ड्रॉन (थंड ओढलेली) आणि ॲनील केलेली (तापवून मऊ केलेली) हवी. ती हॅक्सॉने काटकोनात कापा. रोलर कटरने तोंड आत दबतं आणि कडक होतं, मग रिंग नीट चावत नाही. बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) काढा, आटे आणि रिंगला तेल लावा, ट्यूब फिटिंगच्या तळाला टेकवून धरा. नट हाताने घट्ट केल्यावर दीड फेरा द्या. मग उघडून पाहा: रिंगच्या पुढे धातूची कड सगळीकडे उठलेली दिसायला हवी. रिंग फिरली तर चालेल, पुढेमागे सरकता कामा नये. स्टेनलेस ट्यूबला प्री-असेंब्ली टूलशिवाय (रिंग आधी ट्यूबवर बसवायच्या साधनाशिवाय) हात लावू नका.

जेआयसी आणि एसएई फ्लेअर ही ट्यूबचं तोंड शंकूसारखं पसरवून जोडायची फिटिंग्ज, पण एकमेकांना जोडू नका: जेआयसीचा कोन ३७ अंश, एसएई फ्लेअरचा ४५. काही मापांत आटे जुळतात, नट बसतंही, पण दाबाखाली ते गळणारच.

दाब असताना नट आवळू नका, गळती बोटाने शोधू नका. बारीक फवारा कातडीत घुसतो.