दर्शनी भिंत एक, तिच्यामागे घरे तीस

प्रश्न : इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असता बाथ शहरातील ‘रॉयल क्रेसेंट’ ही चंद्रकोरीसारखी घरांची रांग पाहिली. तिच्या मधल्या भागात आता हॉटेल आहे. समोरून सारी घरे एकसारखी, मागून मात्र प्रत्येक निराळे, हे कसे? वरच्या मजल्यांच्या खिडक्या लहान का? इथल्या महाल भागातील आमच्या वाड्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढण्याचा विचार आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वास्तुरचनाकार धाकट्या जॉन वुड यांनी १७६७ ते १७७४ या काळात ही तीस घरे उभारली, तेव्हा त्यांनी आखून दिली ती मुख्यतः बाथच्या मधाळ रंगाच्या दगडातील दर्शनी भिंत, तिच्यामागे आपले घर कसे बांधायचे हे ज्याने त्याने ठरवले. आपल्याला मागून दिसलेली विविधता त्यातूनच आली. तळमजला मुद्दाम साधा ठेवला आहे आणि त्यावरच्या दोन मजल्यांना कवेत घेणारे आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी वळणे असलेल्या ग्रीक शैलीचे) खांब ओळीने उभे आहेत.

खिडक्यांचे उत्तर घराच्या वापरात आहे. जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकातील जॉर्ज राजांच्या काळातील, घरात स्वयंपाक तळघरात होई, पाहुण्यांची बैठक पहिल्या मजल्यावर भरे, त्यावर निजायच्या खोल्या आणि अगदी वर नोकरमाणसे राहत. म्हणून सर्वांत उंच छत व उंच खिडक्या बैठकीला मिळाल्या, आणि वर जाताना दोन्ही आखूड होत गेल्या. (खिडक्यांवर १८५१ पर्यंत कर होता, तरी ही प्रमाणबद्धता कराने आलेली नाही.)

हॉटेल करताना नेमकी हीच रचना अडचणीची ठरते. प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवे, पण उंच बैठकीत मध्येच भिंत घातली, तर छतालगतची नक्षीपट्टी तुटते आणि खोलीचे प्रमाण कायमचे बिघडते. शिवाय इमारत सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित यादीत असल्याने आतल्या बदलांनाही परवानगी लागते. अशा घरांत न्हाणीघर शेजारच्या लहान खोलीत नेणे, हाच मला योग्य मार्ग वाटतो.

आपल्या वाड्यात बैठकीचे स्थान चौकाला आहे. त्याच्याभोवतीचा सोपा (ओसरी) बंद करून खोल्या वाढवू नयेत, कारण आतल्या खोल्यांना उजेड आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वारा तेथूनच मिळतो. न्हाणीघरे मागच्या अंगणाकडे काढावीत. पाण्याचे नळ सागवानी तुळयांवरून किंवा मातीच्या भिंतींतून मुळीच नेऊ नयेत.