इंग्रजी बातम्यांत गोंधळासाठी डिन, अपरोअर, रकस, पँडेमोनियम असे इतके शब्द का येतात? कोणता कुठे वापरायचा?

तुम्ही विचारलेले चारही शब्द माझ्या रोजच्या ओळखीचे आहेत. वृत्तसंस्थेकडून आलेल्या इंग्रजी बातम्या मराठीत करणं ही माझी नोकरी, आणि अधिवेशन सुरू झालं की हे शब्द रांगेनं येऊ लागतात. शब्दकोशात सगळ्यांपुढे 'गोंधळ, गोंगाट' एवढंच दिलेलं असतं, म्हणून डेस्कवर नव्यानं आलेली मुलंही तुमच्यासारखीच अडखळतात. त्यांना मी सांगतो, आवाज किती मोठा होता ते सोडा. तो कोण करतंय आणि लिहिणाऱ्याला त्याबद्दल काय वाटतंय, ते बघा.

'डिन'मध्ये माणूस असलाच पाहिजे असं नाही. यंत्रांची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, मिरवणुकीतला डीजे, काहीही चालतं. फक्त तो आवाज सलग हवा आणि कानाला नकोसा हवा. सुतळी बॉम्बचा एक बार म्हणजे डिन नव्हे, पण हजाराची माळ लावली तर तो डिन. 'बिल पास्ड अमिड डिन' हा आपल्याकडच्या इंग्रजी पत्रांचा ठरलेला मथळा. विरोधक वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरलेले, घोषणा चालूच, आणि त्यातच आवाजी मतदानानं विधेयक मंजूर. मराठीत आम्ही 'गदारोळात विधेयक मंजूर' असं छापतो. (जाता जाता, संस्कृतमधला 'धुनि', म्हणजे गर्जणारा, हा या डिनचा भाषाशास्त्रातला दूरचा भाऊ.)

'अपरोअर'ला मात्र माणसं लागतात, आणि ती चिडलेली असावी लागतात. गंमत म्हणजे आवाज झालाच पाहिजे असंही नाही. भाडेवाढीवरून लोकांनी नुसता फोनवर टाइप करून संताप काढला, तरी तो अपरोअरच. शेवटी 'रोअर' दिसतं म्हणून डरकाळी डोळ्यांपुढे येते, पण मूळ शब्द डच 'ओप्रूर', म्हणजे उठाव, खळबळ. इंग्रजांनी तो सोळाव्या शतकात उचलला आणि त्यात त्यांना आपलं 'रोअर' ऐकू आलं. कशावरून संताप झाला ते सांगायचं तर पुढे 'ओव्हर' येतं. 'क्लॅमर' याच्या जवळचा, पण त्यात मागणी असते, म्हणून त्यामागे बहुधा 'फॉर' येतं: राजीनाम्यासाठी क्लॅमर, आरक्षणासाठी क्लॅमर. अपरोअरचं मराठी करताना 'गहजब' जपून वापरा. त्यात 'उगाच एवढा आरडाओरडा' असा सूर आहे, आणि मूळ बातमीत तो नसतो.

ती टिंगल इंग्रजीत करायची असेल तर वेगळी पेटी आहे: ब्रूहाहा, करफफल, हू-हा. पहिला फ्रेंचमधून आलेला, दुसरा स्कॉटलंडचा. एखाद्या पुढाऱ्यानं आपल्यावरच्या टीकेला करफफल म्हटलं तर समजून जा, तो विषय झटकून टाकतोय. माणसं दगावलेल्या घटनेला यातला एकही शब्द लावू नये. इंग्रजी उत्तम येणारे लोकही इथे घसरतात, कारण हे शब्द ऐकायला गोड आहेत.

'रकस' अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडचा, बोलीतला शब्द. तिकडे तो बराचसा घरगुती आहे. आपल्या इंग्रजी पत्रांनी मात्र त्याला पोलिसांच्या बातम्यांत कायमची नोकरी दिली आहे: दारू पिऊन विमानात रकस, रुग्णालयात नातेवाइकांचा रकस. मराठीत 'धिंगाणा' चपखल बसतो. हाणामारी झाली असेल तर 'राडा' म्हणावं, पण मग इंग्रजीतही 'फ्रॅका' किंवा 'ब्रॉल' जास्त बरोबर. फ्रॅकाच्या स्पेलिंगच्या शेवटी एस असतो. ब्रिटिश लोक तो उच्चारत नाहीत, अमेरिकन उच्चारतात आणि 'फ्रेकस' म्हणतात.

आता माझा लाडका शब्द, 'पँडेमोनियम'. हा कवी मिल्टननं घडवला, १६६७ च्या 'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये. ग्रीक 'पॅन' म्हणजे सगळे, त्याला सैतान-भुतांचा 'डीमन' जोडला, आणि नरकाच्या राजधानीचं नाव तयार झालं. पण त्या काव्यात तिथे गोंधळ होतच नाही! सैतान सभा बोलावतो, एकेक जण उठून आपली बाजू मांडतो, बाकीचे ऐकून घेतात आणि ठराव संमत होतो. आपल्या सभागृहांच्या बातम्या लिहिताना मला नेहमी वाटतं, की या बाबतीत नरकाचं कामकाज सरस होतं. आजच्या वापरात मात्र पँडेमोनियम म्हणजे कुणाचाच कुणाला ताबा नाही अशी अवस्था. मंत्र्यांच्या भाषणात दोन सदस्य ओरडले तर तो शब्द खर्च करू नका. माइक तुटले, कागद फाटले, कामकाज तहकूब झालं, तर वापरा.

'बेडलम'ही जवळजवळ तिथलाच, पण त्यामागे खरी जागा आहे: लंडनमधलं बेथलेम रुग्णालय, १२४७ मध्ये मठ म्हणून सुरू झालेलं आणि पुढे मनोरुग्णांसाठी ओळखलं गेलेलं. अठराव्या शतकात लोक तिथे रुग्णांना बघायला करमणूक म्हणून जात. हे कळल्यापासून मी तो शब्द मानसिक आरोग्याच्या बातमीच्या आसपासही येऊ देत नाही.

उरलेल्यांत 'हबब' सौम्य आहे, बाजाराची गजबज म्हणा ना. 'रॅकेट' मराठी वाचकाला हमखास फसवतो, कारण आपल्याकडे रॅकेट म्हणजे टोळी. शेजारी रात्री रॅकेट करतात असं कुणी इंग्रजीत म्हटलं तर पोलिसांना बोलावू नका, ते फक्त आवाजाला वैतागलेत. 'हलाबलू' ऐकताना आपला हल्लाबोल आठवतो, पण तो बहुधा 'हॅलो'सारख्या हाकेला यमक जुळवून इंग्रजीतच झालेला शब्द. खरा आपल्याकडून गेलेला म्हणजे 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन'चा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी असा झाला, आणि १८८६ मध्ये निघालेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जाडजूड कोशाला तेच नाव मिळालं.

परीक्षेच्या निबंधात काय लिहू, असंही तुम्ही विचारलंय. बाहेर काहीतरी गडबड चालली आहे, कोण आणि का ते ठाऊक नाही, तर 'कमोशन' लिहा. त्यात ना राग, ना टिंगल, आणि गुणही कापले जाणार नाहीत.