प्रोग्राम ठेवलाय कुठे आणि चालतोय कुठे?

प्रश्न : ताई, माझा डेस्कटॉप नवा आहे, 16 जीबी रॅमचा. मुलीचा आणि ह्यांचा लॅपटॉप जुना, प्रत्येकी 4 जीबीचा. हिशेबाचा आणि फोटोंचा प्रोग्राम तीन ठिकाणी टाकण्यापेक्षा डेस्कटॉपवरूनच सगळ्यांनी वापरावा, म्हणून मी त्या प्रोग्रामची फोल्डरं घरच्या नेटवर्कवर शेअर केली. मुलीकडे हिशेबाचा प्रोग्राम उघडतच नाही, डीएलएल सापडत नाही म्हणतो. ह्यांच्याकडे उघडतो, पण फार रखडतो. डेस्कटॉप एवढा दमदार असून असं का? – एक वाचक

उत्तर : तुमचा विचार योग्य आहे, पण फोल्डर शेअर करून तो साधत नाही. तुमचे यजमान प्रोग्रामच्या फाइलवर डबल क्लिक करतात, तेव्हा ती नेटवर्कवरून त्यांच्या लॅपटॉपच्या रॅममध्ये येते आणि त्यांच्याच प्रोसेसरवर चालते. तुमचा डेस्कटॉप तेव्हा फक्त कपाट असतो. मुलीची अडचणही यातूनच आली. विंडोजवर प्रोग्राम इन्स्टॉल होताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, नोंदी करतो, काही डीएलएल, म्हणजे त्याला चालताना लागणाऱ्या जोड-फाइली, विंडोजच्या फोल्डरात टाकतो. त्या तुमच्या डेस्कटॉपवर आहेत, तिच्या लॅपटॉपवर नाहीत.

तुम्हाला हवंय ते याच्या उलट. प्रोग्राम डेस्कटॉपवर चालावा, लॅपटॉपवर त्याचं चित्र दिसावं आणि तिथले की-बोर्ड-माउसचे इशारे डेस्कटॉपपर्यंत पोचावेत. ही कल्पना जुनी आहे. एमआयटीमध्ये 1984 साली सुरू झालेली, पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो प्रणाली याच पायावर उभी राहिली. विंडोजमध्ये हे काम रिमोट डेस्कटॉप करतो, पण त्याच्या अटी आधी समजून घ्या. होम आवृत्ती बाहेरून येणारं कनेक्शन स्वीकारतच नाही. प्रो स्वीकारते, पण एका वेळी एकाचंच. मुलगी आत आली की तुमच्यासमोरचा स्क्रीन लॉक होतो. अनेकांनी एकदम काम करायचं तर विंडोज सर्व्हर आणि त्याचे वेगळे परवाने लागतात. घरासाठी मी ते सुचवणार नाही.

माझ्या घरी सगळे वापरतात त्या मधल्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि त्यावर एक्सआरडीपी, म्हणजे लिनक्सवर रिमोट डेस्कटॉपने येऊ देणारा प्रोग्राम. लॅपटॉपवर विंडोजमधलंच रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडायचं. प्रत्येकाला आपापलं लॉगिन, आपापला डेस्कटॉप. 16 जीबीत तिघांचं काम नीट होतं. पण तिघांनीही तिथेच ब्राउझर उघडून टॅबमागून टॅब लावले, की रॅम संपते. म्हणून ब्राउझर आणि व्हिडिओ ज्याने त्याने आपल्याच लॅपटॉपवर चालवायचा, हे आम्ही ठरवून टाकलंय. तुमचा विंडोजचा हिशेबाचा प्रोग्राम मात्र लिनक्सवर चालेलच असं नाही.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. हिशेबाची डेटा फाइल शेअर केलेल्या फोल्डरात ठेवून दोन यंत्रांवरून एकदम उघडू नका. मी तेच केलं होतं. दोन्हीकडून नोंदी चालू असताना वायफाय तुटलं, फाइल अर्धवट लिहिली गेली आणि तीन महिन्यांचा हिशेब पुन्हा उघडला नाही. पावत्या काढून सगळं परत भरावं लागलं. असे बरेच प्रोग्राम आतून एसक्यूलाइट हा एकाच फाइलीत डेटा ठेवणारा डेटाबेस वापरतात, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरात फाइलचं कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच लिहू देणारी सोय, भरवशाचं नसतं असा इशारा एसक्यूलाइटचे कर्तेच देतात. फाइलीत लिहिणारा हात एकच हवा.

म्हणून तुमच्यासाठी मला सगळ्यात सरळ वाटतात ते ब्राउझरमधून वापरायचे प्रोग्राम. मूळ प्रोग्राम डेस्कटॉपवर, डेटाला हात लावणारा तोच. बाकीच्यांनी फक्त त्याचा पत्ता उघडायचा. 4 जीबीच्या लॅपटॉपला एवढं झेपतं, फोनवरूनही चालतं. हिशेबासाठी फायरफ्लाय थ्री आणि फोटोंसाठी इमिच, दोन्ही डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या साहित्यासकट एका डब्यात चालवायच्या सोयीत, चालतात. फायरफ्लायमध्ये प्रत्येक लॉगिनचा हिशेब वेगळा राहतो, त्यामुळे घरखर्चाला आम्ही एकच लॉगिन ठेवलंय. इमिच चेहरे ओळखून फोटो लावतो. ते काम जड आहे, पण ते तुमच्या डेस्कटॉपवर होतं, लॅपटॉपला त्याचा भार नाही.

डेस्कटॉप राउटरला वायफायने नाही, केबलने जोडा. तीन जणांचं काम त्या एका जोडणीवरून जाणार आहे. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, राखून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी पत्ता बदलेल आणि कोणालाच काही सापडणार नाही. स्लीप बंद करा. बाहेरगावाहून वापरायची इच्छा झाली तर राउटरवर 3389 हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडू नका. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर सतत पासवर्ड आजमावले जातात. त्यासाठी वायरगार्ड या प्रोग्रामचा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद रस्ता, लावा.

आणि सगळ्यांचं सगळं आता एकाच डिस्कवर येणार. ती गेली तर तिघांचंही जाईल. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, झाली की डिस्क काढून ठेवा. ती प्रत परत उघडते का, तेही एकदा करून बघा.

सुरुवात हिशेबापासून करा. जुना प्रोग्राम महिनाभर तसाच राहू द्या, नोंदी दोन्हीकडे करा. बेरजा जुळल्या की मगच फोटोंकडे वळा.